आपल्या धंद्यात दुसऱ्याला इजा झाली तर: चक्की, हडंबा (मळणी यंत्र), जिनिंग, मंगल कार्यालय चालवणाऱ्यांसाठी

मे महिन्यातली दुपार होती. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात पारा पंचेचाळीसला टेकला की माणूस आधी कूलर शोधतो. माझ्या चक्कीच्या दाराशी लोखंडी कूलर लावलेला असायचा. हवा आत यावी आणि रांगेतल्या बायांनाही लागावी म्हणून. खाली पाणी ठिबकून चिखल झालेला. नऊ वर्षांचं एक पोरगं दळणाचा डबा खाली ठेवून अनवाणीच कूलरला टेकलं आणि चिकटलं. ओरडलंसुद्धा नाही. बाजूच्या बाईचं लक्ष गेलं, मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. तळहात भाजला, तीन दिवस दवाखान्यात राहावं लागलं, पण पोरगं वाचलं.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्या बापाने मला एवढंच विचारलं, "ताई, पोरगं तुमच्याच चक्कीवर आलं होतं ना?" आवाज चढवला नाही, भांडला नाही. कायदासुद्धा ह्याच प्रश्नापासून सुरू होतो. जागा कोणाची, वस्तू कोणाची, काळजी कोणी घ्यायला हवी होती?

माझ्याकडे विमा होता. कागद उघडले तेव्हा कळलं की तो यंत्राचा आणि मालाचा आहे. आग, पूर, वीज पडणं यांत माझं जे जाईल त्याचे पैसे मिळणार होते, पोराच्या हाताचा त्यात शब्दही नव्हता. दवाखान्याचे अडतीस हजार मी भरले, आणि ते मीच भरायला हवे होते. पण त्या रात्री झोप आली नाही. पोरगं गेलं असतं तर काय, हा विचार डोक्यातून जाईना. तेव्हापासून जे शिकले ते नव्याने धंदा टाकणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: नुकसान कोणाचं, ते आधी वेगळं करा

गावात "विमा आहे" हे वाक्य फार सैल वापरलं जातं. ट्रॅक्टरचा असतो, पिकाचा असतो, बँकेने कर्ज देताना काढायला लावलेला असतो. धंद्याच्या बाबतीत मात्र नुकसान कोणाचं झालं यावर सगळं ठरतं, आणि प्रत्येकासाठी कागद वेगळा लागतो.

आपलं स्वतःचं गेलं तर मालमत्तेचा विमा. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे मिळते. चांगली पॉलिसी आहे, पण ती तुमच्या भिंतीच्या आतलं बघते. जिनिंगमध्ये कापसात आलेला दगड किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला, ठिणगी पडली आणि तुमची रुई जळली, तर ह्या पॉलिसीतून पैसे येतील. तीच आग वाऱ्याने बाजूच्या वावरातल्या सोयाबीनच्या गंजीला लागली, तर शेजारचा शेतकरी तुमच्या दारात येईल आणि त्याच्यासाठी ह्या कागदात काही नसेल.

आपल्या मजुराला इजा झाली तर कामगार नुकसानभरपाईचा विमा. हा कायदा १९२३ पासूनचा, आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावलेला. मजुराची चूक होती की मालकाची, हे इथे बहुतेक वेळा पाहिलंच जात नाही. काम करताना अपघात झाला की मालकाने भरपाई द्यायची. मृत्यू झाला तर मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. वय ३० असेल तर तो आकडा २०७.९८. मजुरी १५,००० धरली तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. हमाल, कांडपावरची बाई, हंगामापुरता आलेला पोऱ्या हे सगळे ह्यात येतात. ज्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू आहे त्यांची भरपाई तिकडून होते.

वाहनामुळे कोणाला लागलं तर वाहनाचा तृतीय पक्ष विमा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे तो सक्तीचाच आहे. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. ट्रॉलीत बसवून मजूर किंवा वऱ्हाड नेणं आपल्याकडे रोजचं आहे, पण ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. अपघात झाला तर कंपनी जबाबदारी नाकारू शकते, किंवा न्यायालयाच्या आदेशाने आधी पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते. शेत विकायची पाळी अशीच येते.

आणि उरला बाहेरचा माणूस. गिऱ्हाईक, शेजारी, पाहुणा, रस्त्याने जाणारा. त्याच्यासाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे सार्वजनिक दायित्व विमा. माझ्याकडे नव्हता तो हाच. मोठ्या उद्योगांसाठी ह्याचंच रुंद रूप कमर्शियल जनरल लायबिलिटी नावाने मिळतं. छोट्या दुकानाला दुकानदार पॅकेज पॉलिसी पुरते. तिच्यात मालाबरोबर बाहेरच्या माणसाचा आणि नोकराचा असे वेगळे विभाग असतात. पण विभाग निवडला असेल तरच तो लागू होतो. पुष्कळांच्या पॅकेजमध्ये नेमकी हीच ओळ कोरी असते.

कृषी केंद्रवाल्यांनी अजून एका गोष्टीचा विचार करावा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकलेल्या वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी स्वतंत्रपणे लिहिली गेली. बनवणाऱ्याने दिलेली धोक्याची सूचना विक्रेत्याने गिऱ्हाइकापर्यंत पोचवली नाही, तर विक्रेताही जबाबदार ठरू शकतो. दुकानात पाय घसरून पडलेल्याचा विमा वेगळा, विकलेल्या डब्याने झालेल्या इजेचा वेगळा. दुसऱ्याला प्रॉडक्ट लायबिलिटी म्हणतात आणि तो मागून घ्यावा लागतो. शिवाय घातक रसायनं ठरावीक प्रमाणाहून जास्त साठवत असाल तर भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर आलेला सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ लागू होतो. त्यात विमा सक्तीचा आहे आणि कोणाची चूक होती हे न बघता मदत देण्याचा आदेश जिल्हाधिकारी काढतात.

दुसरी पायरी: एक वही घ्या आणि आपलीच जागा परक्यासारखी फिरा

विम्याच्या आधी हे काम. एजंटला बोलावायच्या आधी. आपली जागा आपल्याला इतकी सवयीची होते की धोका दिसत नाही. मी माझ्या बहिणीच्या मुलीला सोबत घेतलं, कारण लहान पोरं जिथे हात घालतात तिथे आपली नजर जात नाही.

दोन फेऱ्या करा. एक भर गर्दीत, दुसरी लाइट गेल्यावर. लाइट गेल्यावरची फेरी कोणी करत नाही, आणि खरे अपघात तेव्हाच होतात. अंधारात माणसं कुठे पाय टाकतात, जनरेटर कोण सुरू करतो, लाइट अचानक आल्यावर यंत्र आपोआप फिरू लागतं का, हे तेव्हाच कळतं.

माझ्या वहीत पहिल्या दिवशी हे निघालं. चक्कीचा पट्टा एका बाजूने उघडा, आणि बाया पीठ बघायला वाकतात तेव्हा पदर त्यापासून हातभर लांब. मिरची कांडपाचा ठसका दाराबाहेर जातो, तिथे एक दम्याचे काकाजी रोज बसतात. पोत्यांची थप्पी दहा पोती उंच, भिंतीला न टेकता. दारातली नाली फरशी फुटून उघडी पडलेली. कूलर तर होताच. ह्यातलं एकही मला माहीत नव्हतं असं नाही, फक्त कधी लिहून काढलं नव्हतं.

हडंब्यावाल्यांची गोष्ट अवघड आहे, कारण त्यांची जागा रोज बदलते. आज ह्या वावरात, उद्या त्या. आश्विन-कार्तिकात सोयाबीन काढायची घाई, रात्री ट्रॅक्टरच्या उजेडात काम, आणि गंजीवरून पेंढ्या टाकणारी माणसं शेतमालकाच्या घरचीच. हात आत ओढला जातो तो बहुतेक थकव्याने. मळणी यंत्रांच्या अपघातांमुळेच १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा केंद्रीय कायदा आला. पेंढी टाकायचं तोंड लांब आणि वरून झाकलेलं असावं, म्हणजे हात दात्यांपर्यंत पोचत नाही. अनेकजण काम उरकावं म्हणून तेच झाकण काढून ठेवतात. झाकण काढलेला हडंबा वावरात उतरवू नका. ट्रॅक्टरच्या विम्यात हडंब्याचा अपघात आपोआप बसतो असंही धरू नका. कंपनीला लेखी विचारा.

तिसरी पायरी: आधी धोका काढा, मग झाका, मग पाटी लावा

वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे स्वतःला विचारायचं: हे इथून काढताच येईल का? नसेल तर झाकता येईल का? तेही नसेल तर माणसाला त्यापासून लांब ठेवता येईल का? पाटी सगळ्यात शेवटी. "सावधान" लिहिलेली पाटी नऊ वर्षांचं पोरगं वाचत नाही.

कूलरचं सविस्तर सांगते, कारण विदर्भातल्या प्रत्येक दुकानाचा, कार्यालयाचा, दवाखान्याचा हा प्रश्न आहे. कूलर दारातून उचलून खिडकीला, पोरांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीच्या लाकडी घोडीवर ठेवला. पंपाची वायर जिथे टाकीच्या काठावर घासत होती तिथेच सोलली होती. तिथून पत्र्यात करंट उतरत होता. नवी तीन तारांची वायर टाकली, अर्थिंगचा खड्डा नव्याने भरला, आणि बोर्डावर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी बसवला. नेहमीचा एमसीबी जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झालं तर पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या लेखी फारच थोडा असतो, म्हणून तो पडत नाही. आरसीसीबी तेवढाच करंट ओळखून क्षणात वीज तोडतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, खटका पडला पाहिजे. पडत नसेल तर बदला. आणि टाकीत पाणी भरताना प्लग काढून हातात घ्या, नुसता स्विच बंद करून भागवू नका.

पट्ट्याला जाळीचा डबा गावच्या वेल्डरकडून करून घेतला. थप्पी सहा पोत्यांवर आणली, विटांच्या बांधासारखी सांधे बदलत रचली. काकाजींना रोजची जागा बदलायला सांगणं जिवावर आलं. शेवटी कांडपाची वेळ बदलली.

आग विझवायचं नळकांडं लाल रंगाचं दिसलं म्हणजे झालं, असं नाही. काट्याची सुई हिरव्या पट्ट्यात हवी, आणि पिन कशी ओढायची हे दोन माणसांना तरी हाताने करून माहीत हवं. विजेच्या आगीवर पाणी कधीच नाही.

मंगल कार्यालयवाल्यांनी मंडप, लायटिंग आणि स्वयंपाकवाल्यांशी लेखी करार करावा आणि त्यांच्याकडे त्यांचा विमा आहे का ते पाहावं. उलट बाजूने, "काहीही झालं तरी सगळी जबाबदारी आमची" असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. करारात ओढवून घेतलेली अशी जास्तीची जबाबदारी पब्लिक लायबिलिटी पॉलिसीत साधारणपणे बसत नाही.

जे केलं त्याची तारीख, बिल आणि फोटो वहीत ठेवा. उद्या वाद झाला तर काळजी घेतली होती हे दाखवायला हीच वही कामी येते.

चौथी पायरी: किती रकमेचा काढायचा

एजंट विचारतो, "पाच लाखांचा करू का ताई?" पाच लाख मोठे वाटतात. पण हिशेब करून बघा. मोटार अपघातांच्या दाव्यांत भरपाई कशी मोजायची हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत ठरवून दिलं आहे, आणि इतर अपघातांतही त्या रीतीचा आधार घेतला जातो. समजा २८ वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला, महिना १५,००० कमावणारा, घरी चारजण अवलंबून असलेला माणूस गेला. वर्षाचे १,८०,०००. पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले की २,५२,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १,८९,०००. त्याच्या वयाचा गुणक १७. झाले ३२,१३,०००. बाकीच्या रकमा ह्याशिवाय. पाच लाखांच्या पॉलिसीत वरचे सत्तावीस लाख तुम्ही कुठून आणाल?

पॉलिसीवर दोन आकडे असतात. एका अपघातासाठी जास्तीत जास्त किती आणि वर्षभरात सगळे मिळून किती. दुसरा पहिल्याइतकाच किंवा त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट घेता येतो. जिथे एकाच वेळी शेकडो माणसं जमतात, तिथे पहिला आकडा वाढवण्याकडे लक्ष द्या. हप्ता ह्या आकड्यांवर, धंद्याच्या प्रकारावर आणि उलाढालीवर ठरतो, वर १८ टक्के जीएसटी. प्रत्येक दाव्यातला सुरुवातीचा थोडा भाग आपणच सोसायचा असतो. त्याला एक्सेस म्हणतात, तो किती ते बघा.

मग काय बसत नाही ते वाचा. आपले स्वतःचे मजूर बसत नाहीत. दंड बसत नाही. आपल्या ताब्यात दिलेली दुसऱ्याची वस्तू साधारणपणे बसत नाही, म्हणजे दळायला ठेवलेला गहू जळला तर तो ह्या पॉलिसीचा विषय नाही. जाणूनबुजून नियम मोडला असेल तर बसत नाही. पूर, वादळ यांतून झालेली इजा आणि जेवणातून झालेली विषबाधा जोड म्हणून वेगळी मागावी लागते. खानावळ आणि कार्यालयवाल्यांनी दुसरी जोड सोडूच नये.

आपल्याकडची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी बहुतेक 'दावा कधी आला' यावर चालते. अपघात आज झाला आणि नोटीस दोन वर्षांनी आली, तर मधे पॉलिसी खंडित झालेली चालत नाही. कागदावर एक मागची तारीख लिहिलेली असते, तिच्या आधी झालेला अपघात बसत नाही. नूतनीकरणात ती पुढे सरकवू देऊ नका.

अर्ज भरताना खरं सांगा. कांडप आहे, जनरेटर आहे, डिझेलचे डबे आहेत, पूर्वी अपघात झाला होता, हे सगळं. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी पहिल्यांदा बाहेर येते. अर्ज एजंटने भरला तरी सही तुमची असते, म्हणून कोऱ्या अर्जावर सही करू नका. आणि हप्ता कंपनीला पोचल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. विमा कायदा, १९३८ मध्येच तसं लिहिलं आहे. "पैसे कापूस विकल्यावर द्या, मी सांभाळतो" असं म्हणणाऱ्यावर विसंबू नका. न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल, नॅशनल ह्या चार सरकारी कंपन्या आणि खासगी कंपन्याही ही पॉलिसी देतात. दोन ठिकाणी तरी लेखी दर मागा.

पाचवी पायरी: अपघात झालाच तर

वीज तोडा, माणूस बाजूला घ्या, १०८ ला फोन करा. बाकी सगळं त्यानंतर.

मग फोटो, हजर असलेल्यांची नावं, कॅमेरा असेल तर त्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, कारण ते काही दिवसांत पुसलं जातं. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. इजा किरकोळ वाटली तरी कळवा. मुदतीत घटना कळवलेली असेल तर दावा उशिरा आला तरी त्या पॉलिसीत बसायचा मार्ग राहतो. विजेचा अपघात असेल तर विद्युत निरीक्षकांनाही कळवावं लागतं.

सगळ्यात नाजूक भाग पुढे आहे. कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाईचा शब्द द्यायचा नाही, अशी अट पॉलिसीत असते. शहरात ती पाळता येत असेल. गावात जखमी पोराचा बाप उद्या सकाळी पुन्हा आपल्याच रस्त्याने जाणार असतो. मला विचाराल तर दवाखान्यात न्या, तिथे थांबा, तातडीचा खर्च करा, घरी जाऊन विचारपूस करा. पावत्या मात्र स्वतःकडे ठेवा. चार माणसं बसून स्टॅम्प पेपरवर "एवढे लाख देतो" असं लिहून घेतील, तिथे हात जोडून सांगा, "भाऊ, मी पळून जात नाही. पण कंपनीच्या माणसाला येऊ द्या, नाहीतर तुम्हालेच पैसे कमी भेटतील." हे खरंच आहे, आणि समजावून सांगितलं तर लोक ऐकतात.

वकिलाची नोटीस आली तर ती फाइलीत ठेवून देऊ नका. तशीच कंपनीकडे पाठवा आणि पोच घ्या. बचावाच्या वकिलाचा खर्चही साधारणपणे पॉलिसीतूनच येतो, पण कंपनीच्या संमतीने.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. विमा नियामकाचं 'बिमा भरोसा' पोर्टल आणि १५५२५५ हा फोन आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एकट्या मालकाचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांची तक्रार तिथे चालते, फी लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा आदेश होऊ शकतो. मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जा. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे. तो चालू असेल तर लोकपाल तीच तक्रार घेत नाही.

नूतनीकरणाची तारीख मी हंगामाच्या आधी येईल अशी घेतली आहे. तुमचं काम दसऱ्यापासून असेल तर भाद्रपदातच पॉलिसी हातात असू द्या, लग्नसराईचं असेल तर तुळशीच्या लग्नाआधी. माझ्या आरसीसीबीच्या डब्याखाली एक पुठ्ठा चिकटवलेला आहे. त्यावर 'टी' बटण दाबल्याच्या तारखा आहेत, आणि सगळ्यात वर लाल पेनने पॉलिसी संपायची तारीख. ते पोरगं आता नववीत आहे. दळण घेऊन आलं की बटण तेच दाबतं, खटका पडला की तारीखही तेच लिहितं.